सिंगापूर ५७५, फिनलंड ४८४ : पोरं वेगळी की शाळा वेगळ्या?

केवडा | रविवार, रात्री ९.४०

सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा दिरांनी एक यादी टाकली. पिसा चाचणीतल्या गणिताची. वर सिंगापूर, मग मकाव, तैवान, हाँगकाँग, जपान, कोरिया. खाली शेरा : "या लोकांच्या रक्तातच गणित असतं." त्यावर तीन अंगठे आणि एक नमस्कार. तिथे मी काही बोलले नाही (सासरचा ग्रुप आहे), पण पोटात राहीना, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पिसा ही ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेची चाचणी. २००० पासून दर तीन वर्षांनी १५ वर्षांच्या मुलांची गणित, वाचन आणि विज्ञान यांत परीक्षा घेत आलेत. २०२१ची फेरी कोविडमुळे २०२२ला झाली. ८१ देश आणि प्रदेश, सुमारे ६ लाख ९० हजार मुलं. गणितात सिंगापूरला ५७५, ओईसीडीची सरासरी ४७२. साधारण २० गुण म्हणजे एका वर्षाचं शिक्षण असं ही संघटनाच धरते. मग शंभर गुण म्हणजे काय ते बघा.

आम्ही सहा वर्षं सिंगापूरला होतो. लेक तिथे पहिली ते चौथी घराजवळच्या सरकारी शाळेत होती. तिसरीत तिची गृहपाठाची वही उघडली तर मला वाटलं चित्रकलेची आहे. जिकडेतिकडे लांबट चौकोन. "रवीकडे अलीच्या तिप्पट गोट्या आहेत. दोघांच्या मिळून ४८. रवीच्या किती?" आम्ही असल्या वेळी 'क्ष मानू' म्हणायचो, तेही सातवीत गेल्यावर. ही अलीचा एक डबा काढते, खाली रवीचे तीन डबे काढते, बाजूला महिरपी कंस टाकून ४८ लिहिते. चार डबे ४८, एक डबा १२, रवीच्या ३६. झालं, चालली खेळायला.

नंतर कळलं, ही डब्यांची पद्धत तिथल्या सरकारी अभ्यासक्रम संस्थेनं १९८०च्या दशकात बसवली. कारण काय, तर मुलांना शाब्दिक उदाहरणं जमत नव्हती! रक्त तेव्हा कुठे गेलं होतं कोण जाणे.

पण दुसरंही सांगते. लेकीच्या वर्गातल्या बहुतेकांना शिकवणी होती. बाराव्या वर्षी पीएसएलई नावाची परीक्षा, तिच्यावर पुढची शाळा ठरते. तिथे 'कियासू' असा शब्दच आहे, आपण मागे पडू या भीतीनं सतत पुढे पुढे करणारा. मीही चौथीपर्यंत अर्धी कियासू झालेच होते.

तर प्रश्न असा : पद्धत, शिकवणी, शिक्षक, पैसा, आईबापांचा धाक, यातलं नक्की काय काम करतं? जाणकारांच्या प्रतीक्षेत.


रिकामटेकडा | रविवार, रात्री ९.५८

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आधी येणारे 'आमच्या वेळी पावकी-निमकी पाठ असायची' वाले.


तांबडा_पांढरा | रविवार, रात्री १०.२०

पावकी-निमकी पाठ होतीच आमच्या वेळी.

बरं, मुद्द्याचं. असल्या याद्या आपण कशाला मनावर घ्यायच्या? आपली पोरं आयआयटीत जातात, अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्या चालवतात, गणिताच्या ऑलिंपियाडमधून सोन्याची पदकं आणतात. आणि तीच अमेरिका पिसामध्ये गणितात ४६५. म्हणजे सरासरीच्याही खाली. तरी जग तीच चालवतेय ना? त्या याद्या चहाच्या टपरीवर भजी गुंडाळायला द्या. हलकं घ्या.


आकडेमोड | रविवार, रात्री ११.३५

तांबडा_पांढरा, टपरीपर्यंत जायच्या आधी जरा थांबा.

वर गेलेली मुलं तुम्ही मोजताय. पिसा सगळ्यांना मोजते, निदान तसा प्रयत्न करते. ऑलिंपियाडला देशातून सहा मुलं जातात. १४० कोटींतून सहा हुशार निघाले नाहीत तरच नवल.

गणिताच्या निकालात सरासरी गुणांपेक्षा मला 'दुसरी पायरी' जास्त बोलकी वाटते. दोन वाटांपैकी जवळची कोणती ते काढणं, एका चलनातली किंमत दुसऱ्या चलनात करणं, एवढं ज्या मुलाला जमतं ते दुसऱ्या पायरीवर. २०२२ला सिंगापूरमध्ये ९२ टक्के मुलं या पायरीवर किंवा वर होती. जपान ८८, एस्टोनिया ८५, फिनलंड ७५, ओईसीडीची सरासरी ६९. म्हणजे श्रीमंत देशांतसुद्धा दहातल्या तीन मुलांना हे जमत नाही.

सिंगापूर वरच्या टोकालाही पुढे आहे, ते कबूल. तिथली ४१ टक्के मुलं सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांवर, ओईसीडीची सरासरी ९. पण एस्टोनिया बघा. तिथे वरची मुलं १३ टक्के, काही डोळे दिपण्यासारखं नाही. तरी सरासरी ५१०, युरोपातली पहिल्या रांगेतली. का? तळ वर आहे म्हणून. नववीपर्यंत सगळ्यांना एकच शाळा, दुपारचं जेवण आणि पुस्तकं फुकट, आणि हे सगळं ओईसीडीच्या सरासरीपेक्षा कमी खर्चात. माझं मत विचाराल तर देशादेशांतला फरक पहिल्या बाकावर कमी आणि शेवटच्या बाकावर जास्त पडतो.

आणि भारत पिसाला बसला होता, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. २००९च्या फेरीला जोडून २०१०मध्ये हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू अशी दोन राज्यं बसली. ७४ जणांत तळाशी आली. गणितात तमिळनाडू ३५१, हिमाचल ३३८, खाली फक्त किरगिझस्तान. शिक्षणात बरी मानली जाणारी राज्यं ही. आपण म्हणालो प्रश्न आपल्या संस्कृतीला धरून नव्हते, आणि बसणंच बंद केलं. २०१९मध्ये पुन्हा ठरलं, केंद्रीय विद्यालयं, नवोदय आणि चंदीगड बसवायचं, पण २०२२च्या यादीत भारत नाही.


तांबडा_पांढरा | रविवार, रात्री ११.५०

केंद्रीय आणि नवोदय बसवायचे म्हणजे तालमीतले निवडक पैलवान आणून 'आमचं गाव असं आहे' म्हणायचं.


आकडेमोड | रविवार, रात्री ११.५२

बघा, एवढ्यात तुम्ही माझ्या बाजूला आलात :)


खडूवाले_गुरुजी | सोमवार, सकाळी ६.१०

शाळेला निघायच्या आधी लिहितोय, चुकभूल माफ.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे, सहावी ते आठवी. आकडेमोड यांच्या शेवटच्या बाकाबद्दल बोलतो. माझ्याकडे शेवटचा बाक दिवाळीनंतर रिकामा असतो. पटावर ३४, समोर १९. बाकीचे कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबाप निघतात, पोरं बरोबर. हंगामी वसतिगृह आहे, काही राहतात. पण बारा वर्षांची पोरगी असली की आई म्हणते, फडात धाकट्याला कोण सांभाळेल? मार्च-एप्रिलला परत येतात. तोवर अपूर्णांक होऊन गेलेला असतो. अपूर्णांक गेला की गुणोत्तर गेलं, शेकडेवारी गेली, बीजगणिताचं तर नावच नको.

आता हे पोरगं १५ वर्षांचं होतं तेव्हा ते पटावर असेल की नाही, याच्यावर तुमची सरासरी ठरते. नसेल तर तो आकडा उलट चांगला दिसेल! मग आकडेमोड साहेब, पिसावाले शाळेत नसलेल्या पोरांचं काय करतात?


आकडेमोड | सोमवार, दुपारी १.१५

गुरुजी, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. शाळेत नसलेल्यांची परीक्षा घेत नाहीत. फक्त देशातल्या १५ वर्षांच्या मुलांपैकी किती टक्के या चाचणीच्या आवाक्यात आले, तो आकडा मागे कोष्टकात देतात. व्हॉट्सॲपच्या यादीत तो कधीच येत नाही.

व्हिएतनामचं उदाहरण घ्या. २०१२ला पहिल्यांदा बसले आणि गणितात ५११ मिळवून जर्मनीच्या खांद्याला खांदा लावला. एवढा गरीब देश, जगभर कौतुक झालं. त्या वेळी तिथल्या १५ वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ५६ टक्के आवाक्यात होती. बाकीची शेतात नाहीतर कारखान्यात. कौतुक पूर्ण खोटं नाही, शाळेत असलेल्यांना ते खरंच चांगलं शिकवतात. पण निम्म्या वर्गाचा निकाल तो.

शांघायची गोष्ट तर थेट तुमच्या फडातली आहे. २००९ला शांघाय तिन्ही विषयांत पहिलं आलं, २०१२ला गणितात ६१३. चीनमध्ये हुकू नावाची नोंद असते, माणूस मूळ कुठला ते सांगणारी. खेड्यातून शांघायला कामाला आलेल्यांच्या पोरांना त्या नोंदीमुळे तिथल्या वरच्या माध्यमिक शाळेत सहजी प्रवेश नाही. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी बरीच पोरं गावी परत जातात. आणि पिसा नेमकी पंधराव्या वर्षीच येते. शांघायच्या शिक्षकांचं काम उत्तम आहेच, पण त्या ६१३ मध्ये बांधकामावरच्या मजुराचं पोर किती होतं, हा प्रश्न उरतोच.


रिकामटेकडा | सोमवार, दुपारी १.४०

पॉपकॉर्न ठेवून दिले.


एल्बकाठचा | सोमवार, दुपारी ३.०५ (इथली वेळ)

हँबर्गहून. इथे तर 'पिसा-शॉक' हा शब्दच भाषेत रुळलाय. २००१च्या डिसेंबरात पहिले निकाल आले आणि वाचनात जर्मनी ४८४, सरासरी ५००. कवींचा आणि विचारवंतांचा देश म्हणवून घेणाऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याहून वाईट म्हणजे, बापाच्या शिक्षणावर आणि पगारावर पोराचे गुण जितके ठरतात, तितके ते फार थोड्या देशांत ठरत होते.

कारण इथल्या शाळेच्या रचनेत आहे. चौथी झाली की वाटा फुटतात. दहा वर्षांचं पोर! एक वाट गिम्नाझियमची, विद्यापीठाकडे जाणारी. बाकीच्या धंदेशिक्षणाकडे. (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर.) शिक्षक शिफारसपत्र देतात. आमच्या मुलाच्या वेळी ते पाकीट घेऊन मी ट्रामच्या थांब्यावर उभा, फोडायची छाती होईना. दहावीच्या निकालालाही एवढी धडधड झाली नव्हती.

हँबर्गमध्ये ट्राम नाही, हो, ठाऊक आहे. तेव्हा ब्रेमेनला होतो. खडूस वाचकांसाठी खुलासा :)

नंतर बरंच केलं त्यांनी. दिवसभराच्या शाळा वाढवल्या, राज्याराज्यांत समान मानकं आणली. इथे हँबर्गमध्ये साडेचार वर्षांच्या पोराला शाळेत बोलावून जर्मन किती येतं ते तपासतात, कच्चं असेल तर शाळेआधीचं वर्ष सक्तीचं. गुण वाढलेही, २०१२ला गणित ५१४. पण वाटा काही हटल्या नाहीत. २०१०मध्ये हँबर्गच्या सरकारनं प्राथमिक शाळा चौथीऐवजी सहावीपर्यंत एकत्र करायचं ठरवलं, तर लोकांनी जनमत घेऊन ते पाडलं. सुखवस्तू वस्त्यांतल्या आईबापांनी जोर लावला होता. आपलं पोर 'त्यांच्या' पोरांबरोबर आणखी दोन वर्षं कशाला, हे कोणी तोंडानं म्हणालं नाही, एवढंच.

२०२२ला जर्मनी गणितात ४७५. मिळवलेलं सगळं गेलं. कोविड आहे, नव्यानं आलेली निर्वासित मुलं आहेत, शिक्षकांची टंचाई आहे. प्रत्येक पक्षाचं लाडकं कारण वेगळं.


वहिनी_फिनलंडवाल्या | सोमवार, रात्री ८.३०

धाग्याच्या नावात आमचं नाव घेतलंत म्हणून यावं लागलं.

२००६मध्ये फिनलंड गणितात ५४८, विज्ञानात ५६३. तेव्हा जगभरातून शिक्षणतज्ज्ञांच्या बसगाड्या भरून यायच्या. गणवेश नाही, तपासनीस नाही, गृहपाठ कमी, सातव्या वर्षी शाळा, १९४८पासून सगळ्यांना गरम जेवण फुकट. आणि शिक्षक व्हायला पदव्युत्तर पदवी लागते, प्राथमिकला सुद्धा. त्या अभ्यासक्रमाला साधारण दहा अर्जांत एकाला प्रवेश. आलेल्यांनी वहीत टिपलं : 'गृहपाठ नको'. परत गेले.

२०२२ला गणित ४८४. सोळा वर्षांत ६४ गुण कमी. केवडा, दिरांना हा आकडा पाठवा. सोळा वर्षांत रक्त बदलत नाही. जेवण तेच, पदव्युत्तर शिक्षक तेच.

मग झालं काय? इथे रोज वाद चालतो. मोबाईल, ते तर आहेच, आता ऑगस्ट २०२५पासून वर्गातल्या मोबाईलवर कायद्यानं बंधनं आली. मुलगे पुस्तकं वाचेनासे झाले. नव्यानं आलेल्यांची मुलं आणि इथली मुलं यांच्यात फिनलंडमध्ये फार मोठी दरी आहे, माझ्या अंगाला लागणारी गोष्ट म्हणून सांगते. एक मत असंही आहे, आणि मला ते पटतं, की २००० ते २००६ला चमकलेली मुलं ज्या शाळांत वाढली त्या अजून बऱ्यापैकी जुन्या वळणाच्या होत्या : शिक्षक पुढे उभे, वर्ग ऐकतोय, सगळ्यांना एकच पुस्तक. मोकळीक नंतर वाढत गेली आणि श्रेय मात्र मोकळिकीला मिळालं. पिकलं एका सालच्या पावसावर, कौतुक दुसऱ्या सालच्या नांगराचं.

इथलं एक मात्र मला अजूनही भारी वाटतं. लेक दुसरीत वाचनात अडखळत होती. कोणी 'नापास' म्हणालं नाही, मला बोलावून झापलं नाही. आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षिका तिला आणि आणखी तिघांना शेजारच्या खोलीत घेऊन बसायची. चार महिन्यांनी ती परत वर्गात. अर्ध्या वर्गाला कधी ना कधी त्या खोलीत जाऊन यावं लागतं, म्हणून कुणाला लाज नाही. (फिनिशमध्ये जसं बोलतात तसंच लिहितात, आपल्याहून सरळ. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड ऐकूच येते कानाला. म्हणून वाचन लवकर येतं, हेही खरं.)


माई_पुणे३० | सोमवार, रात्री ९.१०

भाषेचा विषय निघालाच आहे तर : २०१९मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीस-बावीसच्या जोडीला 'वीस एक, वीस दोन' आणलं होतं, आठवतंय का? केवढा गदारोळ. मराठी बुडाली म्हणे. तो खुळचटपणा आणि या याद्या यांचा काही संबंध आहे का?


खडूवाले_गुरुजी | सोमवार, रात्री १०.००

माई, नमस्कार. खुळचटपणा म्हणू नका. गणितज्ञ मंगला नारळीकर त्या समितीवर होत्या, त्यांनी जीव तोडून समजावलं होतं. विधानसभेत लोकांच्या आडनावांवरून विनोद झाले, पण पहिली-दुसरीला शिकवलेल्या माणसाला विचारा.

मी चार वर्षं शिकवलंय. पोराला म्हणलं 'एकाहत्तर लिही' की ते १७ लिहितं. त्याची काय चूक? आधी 'एक' ऐकू येतं, तो आधी लिहितो. 'त्रेपन्न' म्हणलं की ३५. आणि एकोणसत्तर! 'सत्तर' ऐकू येतंय आणि लिहायचंय ६९. शंभरपर्यंत जवळजवळ शंभर शब्द पाठ करायचे, त्याला दुसरा इलाज नाही. माझी स्वतःची पोरगी एकोणऐंशीला अजून क्षणभर अडखळते, आणि ती डी. एड. करतेय.


एल्बकाठचा | सोमवार, रात्री १०.१२ (तुमची)

जर्मनही आपल्यासारखीच उलटी. २१ म्हणजे 'एक-आणि-वीस'. फोनवर नंबर सांगायला लागले की माझी अजून तारांबळ उडते. मराठी माणसाला खरं तर सोपं जायला हवं!


आकडेमोड | सोमवार, रात्री ११.००

माई, संबंध आहे, पण मर्यादित. चिनीत २१ म्हणजे 'दोन-दहा-एक'. जपानी, कोरियन तशाच. शाळेत न जाणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या चिनी आणि अमेरिकन मुलांना मोजायला लावलं, तर दहापर्यंत फरक नव्हता. अकरापासून पुढे चिनी मुलं सरस, कारण इंग्रजीत 'इलेव्हन, ट्वेल्व्ह' नव्यानं पाठ करावे लागतात. म्हणजे सुरुवातीची चढण कमी होते.

पण पंधराव्या वर्षीची दरी यानं भरून निघत नाही. फिनिशमध्येही २१ 'दोन-दहा-एक'च आहे, आणि तरी ते ६४ गुणांनी घसरले. शिवाय वाचनात सिंगापूर ५४३ मिळवतं, तिथे आकड्यांची नावं काय करणार?


वहिनी_फिनलंडवाल्या | सोमवार, रात्री ११.०५

दोन-दहा-एक, बरोबर. kirjoitus... सॉरी, कीबोर्ड बदलायला विसरले. झोपते आता.


नागोयाकर | मंगळवार, सकाळी ७.३०

वाचतोय. जपानबद्दल एकच बघितलेली गोष्ट.

मुलाच्या पाचवीच्या वर्गात पालकांना बसू देतात, तसा बसलो होतो. ४५ मिनिटांच्या तासात एकच उदाहरण : समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ कसं काढाल? सूत्र दिलं नाही. पोरं दहा मिनिटं आपापली झटतात, शिक्षक रांगांतून फिरतात, काही बोलत नाहीत, फक्त कोण काय करतंय ते टिपून घेतात. मग ठरवून चार जणांना फळ्यावर बोलावतात, आधी चुकलेल्याला, मग अर्धवट जमलेल्याला, शेवटी कडेचा त्रिकोण कापून पलीकडे लावणाऱ्या मुलीला. फळा शेवटपर्यंत पुसत नाहीत. तास संपतो तेव्हा डावीकडून उजवीकडे सगळा विचार फळ्यावर मांडलेला असतो.

आणि मागे उभे होते शाळेतले आणखी पाच शिक्षक, वह्या घेऊन. एका तासाची आखणी सगळ्यांनी मिळून केलेली, नंतर बसून चिरफाड. शिक्षकाची नव्हे, तासाची. हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.


खडूवाले_गुरुजी | मंगळवार, सकाळी ७.४५

नागोयाकर, वाचून पोटात तुटलं. आमच्या केंद्रावर शिक्षण परिषद होते. परवाच्या परिषदेत दोन तास कुठली ऑनलाइन माहिती कुठल्या तारखेपर्यंत भरायची ते सांगितलं. मी सध्या मतदार याद्यांवर आहे, खिचडीचा हिशोब माझ्याकडे, आणि सहावी-सातवी एकत्र बसवतो कारण एक जागा रिकामी आहे. दुसऱ्याचा तास बघायला मी कुठून उभा राहू?


तांबडा_पांढरा | मंगळवार, सकाळी ९.००

गुरुजी, मानलं. पण शिकवण्या, धाक यांचं काय? कोरियात म्हणे बारावीच्या परीक्षेला विमानं थांबवतात.


आकडेमोड | मंगळवार, दुपारी १.३०

थांबवतात. नोव्हेंबरातल्या सुनुंगमध्ये इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना विमानांची चढ-उतार बंद. सेऊलमध्ये हागवॉन म्हणजे शिकवणीचे वर्ग रात्री दहाला बंद करायचा नियम करावा लागला, एवढं वेड. पोरांच्या झोपेची किंमत त्या गुणांत धरलेली नसते.

धाकाबद्दल एक प्रयोग मजेशीर आहे. काही अर्थतज्ज्ञांनी शांघायच्या आणि अमेरिकेच्या शाळांत पिसासारखे प्रश्न दिले. अर्ध्या मुलांना परीक्षा सुरू व्हायच्या क्षणी पैशांचं पाकीट हातात दिलं : जितकी उत्तरं चुकतील तितके पैसे परत घेऊ. अभ्यासाला वेळच नाही. अमेरिकन मुलांचे गुण वाढले. शांघायच्या मुलांचे जवळजवळ तेवढेच राहिले. म्हणजे ती आधीच जीव तोडून लिहीत होती. पिसाचे गुण मुलाला मिळत नाहीत, प्रगतिपुस्तकात येत नाहीत. तरीही मन लावून लिहायचं की 'सुटलो एकदाचा' म्हणून गोल काळे करायचे, हाही देशादेशांतला फरकच आहे. 'किती येतं' यात 'किती मनावर घेतलं' मिसळलेलं असतं.


केवडा | मंगळवार, दुपारी ३.००

हे भारीच. आमच्या सिंगापूरच्या शाळेत मुख्याध्यापिका साध्या हस्ताक्षर स्पर्धेआधीही भाषण द्यायच्या :)

एक भर घालते. तिथे शिक्षक व्हायचं तर एकाच राष्ट्रीय संस्थेतून शिकायचं, शिकताना पगार चालू, आणि नोकरीत वर्षाला १०० तास पुढच्या शिक्षणासाठी हक्काचे. हे तास खिचडीच्या हिशोबात जात नाहीत. आणि पहिलीतच ज्यांना अक्षर-आकडे जमत नाहीत त्यांना वेगळं काढून रोज अर्धा तास शिकवतात. माझ्या लेकीच्या शेजारचा मुलगा तिकडे जायचा. मी तेव्हा त्याच्या आईकडे जरा दयेनं बघत असे. वहिनींचा प्रतिसाद वाचून आता लाज वाटली.


खडूवाले_गुरुजी | बुधवार, रात्री ९.२०

धागा वाचून राहवलं नाही, आज एक उद्योग केला. पिसावाल्यांनी उघड केलेला एक नमुना प्रश्न आहे : दोन गोल पिझ्झा, जाडी सारखी. एक ३० सें.मी. व्यासाचा, किंमत ३० झेड (खोटं नाणं). दुसरा ४० सें.मी.चा, किंमत ४० झेड. कोणता घेणं परवडेल? आमचे लोक म्हणाले होते ना, प्रश्न आपल्या संस्कृतीला धरून नाहीत. म्हणलं, पिझ्झाची भाकरी करू. झेडचे रुपये केले. आठवीला घातला. समोर २२ जण होते.

'वर्तुळाचं क्षेत्रफळ?' विचारलं, अख्खा वर्ग एका सुरात : पाय आर वर्ग! मग प्रश्न वाचून दाखवला. १७ जणांनी लिहिलं, 'दोन्ही सारखेच'. तीसला तीस, चाळीसला चाळीस. तिघांनी लहान लिहिलं, कारण स्वस्त. एकानं काहीच लिहिलं नाही.

एक पोरगी राहिली. ती दर साली आईबापाबरोबर फडावर जाते, यंदा आजीमुळे घरी राहिली, घरच्या भाकरी तीच थापते. तिनं पाय आर वर्ग कुठेच वापरला नव्हता. तिचं म्हणणं असं : "सर, मोठी भाकर थापायची तर उंडा जवळजवळ दुप्पट लागतो. थोडा कमी. पैसे तर दहाच जास्त. मग मोठीच घ्यावी."

मी फळ्यावर करून बघितलं. १५चा वर्ग २२५, २०चा वर्ग ४००. चारशे भागिले सव्वादोनशे, पावणेदोनपट आणि वर थोडं. पोरगी बरोबर. मग बाकीच्यांना तिच्याकडून समजावून घ्यायला लावलं, घंटा झाली तरी कोणी उठेना. फळा पुसला नाही, नागोयाकर.

उद्या परत मतदार याद्या आहेत.


तांबडा_पांढरा | बुधवार, रात्री ९.३५

गुरुजी, दंडवत. (माझंही पहिलं उत्तर 'सारखेच' आलं होतं. कोल्हापुरात कुणाला सांगू नका.)


केवडा | गुरुवार, सकाळी ८.०५

गुरुजींचा भाकरीचा प्रश्न काल रात्री सासरच्या ग्रुपवर टाकला. रक्ताबिक्ताबद्दल काही लिहिलं नाही, नुसता प्रश्न. दिरांचं उत्तर लगेच आलं : "सोपंय, दोन्ही सारखेच." त्यावर तीन अंगठे आणि एक नमस्कार.